शेवटचे कडवे कोणी कापले?

यंदाच्या भीमजयंतीला श्रीगोंद्यातल्या आमच्या वस्तीतल्या पोरांनी डीजेला फाटा दिला. हार्मोनियम, ढोलकी, खंजिरी आणि दोन कोरसवाले घेऊन समाजमंदिरासमोर गायन पार्टी बसवली. बारावीतल्या एका मुलाने वामनदादा कर्डकांचे गाणे म्हटले. आवाज कच्चा होता, पण म्हणणे पक्के होते. कोणीतरी मोबाइलवर चित्रण केले आणि रात्रीच ते इंटरनेटवर टाकले. सकाळी उठून पाहतो तर सूचना आलेली: या व्हिडिओतील गाण्यावर एका कंपनीचा हक्क आहे. व्हिडिओ राहील, पण त्यावर जाहिरात लागली तर पैसे कंपनीला जातील.

पैशांचे आम्हाला काही वाटले नाही. वस्तीतल्या शे-दोनशे माणसांनी पाहिलेल्या व्हिडिओला कसले पैसे! खटकले ते वेगळेच. त्या सूचनेत कंपनीचे नाव होते, गायकाचे नाव होते, 'नॉनस्टॉप सुपरहिट' थाटाच्या संकलनाचे नाव होते. गाणे लिहिणाऱ्याचे नाव मात्र नव्हते. त्या मुलाने आम्हाला विचारले, "दादा, मग हे गाणं वामनदादांचं नाही का?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आम्ही समाजमंदिरातली कॅसेटची जुनी पेटी उघडली. कव्हर फाटलेल्या, फिती गुंतलेल्या, 'भाग 1', 'भाग 2' असे आकडे लिहिलेल्या कॅसेटी. त्यांच्या कव्हरवर बाबासाहेबांचा फोटो, गायकाचा फोटो, कंपनीची मोठी निशाणी. गीतकाराचे नाव काहींवर बारीक अक्षरात, बहुतेकांवर नाहीच. काहींवर 'पारंपरिक' असा शेरा मारून काम उरकलेले. आमच्या पार्टीत पूर्वी गाणारे एक थकलेले बुवा शेजारी बसले होते. ते म्हणाले, "कव्हर कशाला बघता? शेवटचं कडवं म्हणा, कोणाचं गाणं ते आपोआप कळतं." आणि त्यांनी ते म्हणून दाखवले. त्यात वामनदादांचे नाव गुंफलेले होते. मुलाला ते कडवे ठाऊकच नव्हते. तो ज्या संकलनावरून गाणे शिकला, त्यात ते नव्हते.

इथून या लेखाचा विषय सुरू होतो.

नाममुद्रा म्हणजे शाहिराचा सातबारा

आपल्या मातीत कवीने शेवटच्या चरणात स्वतःचे नाव घालण्याची रीत जुनी आहे. आमच्या श्रीगोंद्याचे संत शेख महंमद, 'योगसंग्राम' लिहिणारे, तेही आपल्या अभंगांत आपले नाव घालत. जातीने, धर्माने ज्यांना विद्येच्या उंबऱ्याबाहेर ठेवले होते, त्यांच्यासाठी ती नाममुद्रा म्हणजे नुसता अलंकार नव्हता. पोथी दुसऱ्याच्या ताब्यात जाईल, छापखाना दुसऱ्याचा असेल, पण ओळ जिथे जाईल तिथे नाव जाईल, अशी ती तजवीज होती. वामनदादांनी आणि त्यांच्या पिढीतल्या शाहिरांनी तीच तजवीज केली. त्यांच्याजवळ वकील नव्हता, करारनामा नव्हता. शेवटचे कडवे हाच त्यांचा सातबारा होता.

आता नॉनस्टॉप संकलन कसे बनते ते पाहा. एका गाण्याचे ध्रुपद, एखादे कडवे, की लगेच पुढचे गाणे. तासाभरात वीस-पंचवीस गाणी कोंबायची असतात. कात्री कुठे लागते? अर्थात शेवटी. म्हणजे ज्या जागी शाहिराने आपले नाव ठेवले, नेमकी तीच जागा कापली जाते. कोणी मुद्दाम कट केला असे आम्ही म्हणत नाही. पण कात्री चालवणाऱ्याला तिथे काय होते याची फिकीर नव्हती, एवढे नक्की. बेफिकिरीने केलेली चोरी ही चोरी नसते, असे कोणत्या कायद्यात लिहिले आहे?

स्वस्ताईशी आमचे भांडण नाही

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो. स्वस्त संकलने बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. उलट स्वस्त कॅसेटने आपल्यावर उपकारच केले आहेत.

तबकडीच्या काळात गाणे ध्वनिमुद्रित करायचे म्हणजे ग्रामोफोन कंपनीच्या दारात जावे लागे. एचएमव्हीच्या निशाणीखाली कित्येक दशके या देशातले संगीत कोणी गायचे, काय गायचे आणि काय छापायचे ते ठरत होते. ग्रामोफोन घेण्याची ऐपत असलेल्या घरांच्या आवडीप्रमाणे तबकड्या निघत. 80 च्या दशकात कॅसेट आली आणि हे दार मोडले. टी-सिरीजने जुन्या लोकप्रिय गाण्यांच्या नव्या आवाजातल्या आवृत्त्या स्वस्तात विकून बाजार पालटवला. कायद्यातल्या एका कलमाचा आधार घेऊन हे झाले आणि मोठ्या कंपन्यांनी त्याबद्दल भरपूर आरडाओरड केली. पण याच लाटेत गावोगावच्या गायकांना संधी मिळाली. पानटपरीवर, एसटी स्टँडवर, काष्टीच्या बैलबाजारात, चैत्यभूमीच्या रांगेत भीमगीतांच्या कॅसेटी मिळू लागल्या. ऊस तोडायला फडावर गेलेला माणूस कोपीत बसून प्रल्हाद शिंदेंचा आवाज ऐकू लागला. हे साधे काम नव्हे.

त्याआधीही आपली गाणी फुकटच फिरत होती. भीमराव कर्डकांच्या जलशापासून वामनदादांच्या गायन पार्टीपर्यंत वह्या एकमेकांच्या हातांनी उतरवल्या गेल्या. एका गावची चाल दुसऱ्या गावाने उचलली. माझ्या दहा सभा आणि शाहिराचा एक जलसा सारखाच, असे बाबासाहेब म्हणत असल्याचे जुनी माणसे सांगतात. त्या जलशाला तिकीट नव्हते. तेव्हा गाणे लोकांचे असावे, ते गरिबाच्या खिशाला परवडावे, याला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. पण वही उतरवणारा शेवटचे कडवेही उतरवत होता. वहीवर 'वामनदादा' असे लिहीत होता. फुकट फिरणारी वही नाव सांभाळत होती. मग पैसे घेऊन विकली जाणारी कॅसेट, मेमरी कार्ड आणि आता मोबाइलवरची यादी ते का सांभाळत नाही?

निवड हेच राजकारण

संकलन म्हणजे निवड आणि निवड म्हणजे राजकारण. हजारो गाण्यांतून वीस गाणी कोण निवडतो आणि कशासाठी?

वामनदादांनी किती विषयांवर लिहिले ते आठवा. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात देशवंडीला 1922 साली जन्मलेला हा माणूस. त्यांनी बाबासाहेबांचा गौरव तर गायलाच, पण भूक, बेकारी, दारू, हुंडा यांवरही लिहिले. देशातल्या धनदांडग्यांची नावे घेऊन आमचा वाटा कुठे आहे, असा रोखठोक सवाल त्यांनी गाण्यातून केला. रिपब्लिकन पुढाऱ्यांच्या भांडणांवर त्यांनी कोरडे ओढले. आता बाजारातली कोणतीही 'बेस्ट ऑफ' संकलने घ्या. जन्मोत्सव, पाळणा, जयजयकार, मिरवणूक हीच गाणी पुन्हा पुन्हा. पुढाऱ्याला विचारलेला सवाल नाही, कारखानदाराला विचारलेला सवाल नाही. कारण उघड आहे. कंपनीला मिरवणुकीत वाजेल असे गाणे हवे असते. विचार करायला लावणारे गाणे नाचायला सोयीचे नसते.

प्रल्हाद शिंदेंची गोष्ट पाहा. त्यांच्या विठ्ठलाच्या गाण्यांची संकलने महाराष्ट्रात सगळीकडे वाजतात. आषाढीला कोणत्याही गावात जा, तोच पहाडी आवाज. तोच गळा भीमगीते गायला, कव्वाली गायला. पण ती संकलने वस्तीच्या कमानीच्या आतच राहिली. एका माणसाचा आवाज कंपनीने दोन कप्प्यांत भरून ठेवला: एक सगळ्या गावासाठी, एक गावकुसाबाहेरच्यांसाठी. गावाने विठ्ठल घेतला, गायक घेतला आणि भीम तेवढा बाहेर ठेवला. जातिव्यवस्था दुकानाच्या फळीवरही कशी मांडली जाते, त्याचा हा नमुना.

वामनदादा 15 मे 2004 ला गेले. प्रल्हाद शिंदे त्याच वर्षी 23 जूनला गेले. सव्वा महिन्याच्या अंतराने आपण एक लेखणी आणि एक गळा गमावला. त्यानंतर कॅसेट संपली, सीडी आली आणि गेली, मेमरी कार्ड आले, मोबाइल आला. प्रत्येक वेळी तीच जुनी गाणी नव्या वेष्टनात पुन्हा विकली गेली. स्टुडिओचा खर्च नाही, वादकांचा खर्च नाही. जुन्या साठ्यातून काढायचे, नवे चित्र चिकटवायचे आणि विकायचे. वर कधी जुन्या ढोलकीवर झंकार चढवायचा, कधी रीमिक्स करायचे. कंपनी विकली गेली तर हा साठाही जमिनीच्या खरेदीखतासारखा नव्या मालकाकडे जातो. एचएमव्हीची ग्रामोफोन कंपनी 80 च्या दशकात गोएंका समूहाकडे गेली आणि 2000 साली तिचे नाव सारेगामा झाले. 2017 साली त्याच जुन्या साठ्याच्या जोरावर 'कारवां' नावाचा पेटीसारखा रेडिओ बाजारात आला आणि धडाक्यात खपला. जुने गाणे म्हणजे जुना माल नव्हे, ते भांडवल आहे, हे कंपन्यांना कळले आहे. शाहिराच्या घरच्यांना ते कळलेले नाही.

कायदा काय सांगतो

आता थोडे कायद्याचे बोलू. संविधान लिहिणाऱ्याच्या अनुयायांनी कायद्याचा कंटाळा करून चालत नाही.

भारताचा कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. गाणे लिहिणाऱ्याचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षे राहतो. म्हणजे वामनदादांच्या शब्दांवरचा हक्क 2064 अखेरपर्यंत जिवंत आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षांचा आणि तो बहुधा कंपनीचा. हे दोन हक्क वेगळे आहेत. फीत कंपनीची असेल, पण शब्द आपोआप कंपनीचे होत नाहीत. त्यासाठी लेखी हस्तांतरण लागते.

पण आमच्या शाहिरांनी सह्या कशावर केल्या? एकरकमी बिदागी, चहा आणि 'सर्व हक्क कंपनीकडे' असा कागद. कित्येकांकडे तोही कागद नाही. इथे कायद्याची दोन कलमे ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. कागदावर मुदत लिहिलेली नसेल, तर ते हस्तांतरण 5 वर्षांचेच धरले जाते. आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकाराने ध्वनिमुद्रणासाठी हक्क दिले तरी त्याचा मानधनातला समान वाटा काढून घेता येत नाही. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हते, त्याचे हक्कही स्पष्ट उल्लेखाशिवाय जात नाहीत. 1988 च्या कॅसेटच्या कागदावर मोबाइलचा उल्लेख कुठून असणार? ही दुरुस्ती 2012 च्या आधीच्या करारांना कितपत लागू करायची यावर वकिलांत वाद आहे. असू द्या. वाद घालायला तरी आपण कोर्टाच्या दारात पोचलो पाहिजे.

आणि कलम 57. हक्क विकला तरी 'हे माझे आहे' असे म्हणण्याचा कवीचा अधिकार विकला जात नाही. त्याच्या रचनेची मोडतोड करून त्याच्या प्रतिष्ठेला धक्का लावला तर त्याला, त्याच्या मागे त्याच्या वारसांना, दाद मागता येते. शेवटचे कडवे कापून नाव पुसणे ही मोडतोड नाही तर काय?

पण याच कायद्यातली एक गंमत पाहा. कलम 52-अ म्हणते की ध्वनिमुद्रणाच्या वेष्टनावर ते तयार करणाऱ्याचे नाव-पत्ता, हक्काच्या मालकाचे नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचे वर्ष छापलेच पाहिजे. न छापल्यास शिक्षा आहे. गाणे कोणी लिहिले ते छापा, असे मात्र हे कलम सांगत नाही. मालकाचे नाव सक्तीचे, निर्मात्याचे ऐच्छिक. मालाच्या बारदानावर व्यापाऱ्याचा शिक्का असावा, पिकवणाऱ्याचे नाव कशाला? ऊसपट्ट्यात राहणाऱ्या आम्हाला हा न्याय चांगला परिचयाचा आहे.

"बाबासाहेबांच्या गाण्याचे कसले पैसे?"

आपल्यातलेच काहीजण म्हणतात, "भीमगीत ही चळवळीची सेवा आहे. तिचे पैसे आणि नाव कशाला मागता?" हे बोलणे ऐकायला फार उदात्त वाटते. पण सेवा शाहिराने केली आणि विक्री कंपनीने केली, तर त्याला सेवा म्हणत नाहीत. त्याला वेठ म्हणतात.

वतनाची व्यवस्था काय होती? महाराने सरकारचे आणि गावाचे पडेल ते काम रात्रंदिवस करायचे आणि मोबदला म्हणून बलुत्याची मूठ आणि वतनाचा तुकडा घेऊन गप्प बसायचे. तो त्याचा 'मान' आहे, असे त्याला सांगितले जाई. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात वतन कायदा दुरुस्तीचे विधेयक आणले ते याच फसव्या मानाविरुद्ध. कामाचा रोकडा मोबदला मिळाला पाहिजे, माणसाला कामाच्या अटी ठरवता आल्या पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता. संविधानाच्या कलम 23 ने वेठबिगारीला बंदी घातली. ज्या माणसाने फुकटच्या राबणुकीविरुद्ध आयुष्य झिजवले, त्याच्याच नावाच्या गाण्यात शाहिराने फुकट राबावे, असे म्हणणे हा बाबासाहेबांचा गौरव नव्हे.

आणि नाव कशाला म्हणता? 27 जुलै 1978 ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 ला. मधल्या वर्षांत घरे जळाली, माणसे मेली, लाँग मार्च निघाला. ज्या समाजाने एका नावासाठी साडेपंधरा वर्षे लढा दिला, त्याने आपल्या शाहिरांची नावे कव्हरवरून पुसली जाताना 'नावात काय आहे' म्हणावे?

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. दक्षिण आफ्रिकेतला सॉलोमन लिंडा हा झुलू गायक. 1939 साली त्याने 'म्बुबे' हे गाणे ध्वनिमुद्रित केले आणि हक्क अवघ्या 10 शिलिंगांना गेले. तेच गाणे अमेरिकेत नाव बदलून, शब्द बदलून जगभर गाजले, पुढे डिस्नेच्या सिनेमात आले. लिंडा 1962 साली गरिबीतच मेला. त्याच्या मुलींनी कोर्टात दावा लावला आणि 2006 साली तडजोड होऊन लिंडाचे नाव आणि मुलींचा वाटा मान्य झाला. 67 वर्षे लागली. पण वारस उभे राहिले म्हणून झाले.

ऐकणाऱ्यानेही किंमत मोजली आहे

या जिल्ह्यात बसून भीमगीतांबद्दल लिहिताना मे 2015 विसरता येत नाही. शिर्डीत एका दलित तरुणाच्या मोबाइलवर बाबासाहेबांवरचे गाणे रिंगटोन म्हणून वाजले, त्यावरून वाद झाला आणि त्याला पळवून नेऊन मारण्यात आले, अशी ती फिर्याद. रिंगटोन म्हणजे तरी काय? जुन्या साठ्यातल्या गाण्याचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा. त्या तुकड्यावरही कोणीतरी पैसे कमावतो. लिहिणाऱ्याला नाव मिळत नाही, ऐकणाऱ्याचा जीव जातो आणि विकणाऱ्याच्या खात्यात रक्कम जमा होते. हे गाणे आपल्यासाठी करमणुकीची वस्तू नाही, म्हणून तर आम्ही त्याचा हिशेब मागतो आहोत.

आधी आपला आरसा

कंपन्यांना बोल लावण्याआधी आपणही आरशात पाहू. जयंतीच्या डीजेला लाखाची सुपारी देणारी मंडळे गायन पार्टीला काय देतात? गाण्याचा व्हिडिओ पुढे पाठवताना आपण कोणाचे नाव लिहितो? मंचावरचे आपलेच तरुण गायक टाळ्यांच्या घाईत शेवटचे कडवे गाळतात आणि कधी कधी त्यात स्वतःचे नाव घालतात. हे पाप कंपनीचे नाही, आपले आहे.

म्हणून आम्ही श्रीगोंदा तालुक्यापुरते काही ठरवले आहे. गाणे म्हणण्याआधी गीतकाराचे आणि चाल लावणाऱ्याचे नाव सांगायचे. शेवटचे कडवे गाळायचे नाही. बेलवंडीपासून पेडगावपर्यंत ज्यांच्या घरी जुन्या वह्या आणि कॅसेटी आहेत त्यांच्याकडे जायचे, गाणे, गाव, गायक, साल टिपून घ्यायचे. वही मागायची नाही, तिचे फोटो घ्यायचे. वही त्या घराची आहे. ज्या शाहिरांच्या घरी करारनाम्याचे कागद असतील त्यांनी ते फेकू नयेत, मुदतीचे कलम वकिलाला दाखवावे. गीतकार-संगीतकारांचे मानधन गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था 1969 पासून आहे, वारसांनाही तिचे सभासद होता येते. त्यासाठी वारसदाखल्याचे काम करून द्यायला आम्ही तयार आहोत.

कंपन्यांकडे आमची मागणी साधी आहे. जुनी गाणी खुशाल पुन्हा काढा, स्वस्तात काढा. पण प्रत्येक गाण्यासमोर गीतकार, संगीतकार, गायक आणि मूळ ध्वनिमुद्रणाचे वर्ष लिहा, गाणे पूर्ण द्या आणि वारसांचा वाटा द्या. सरकारकडे मागणी अशी की कलम 52-अ मध्ये कवीचे नाव सक्तीचे करा. आणि बार्टीने गावोगावच्या कॅसेटी फिती सडण्याआधी जतन कराव्यात. बाबासाहेबांच्या ग्रंथांची छपाई रखडली तेव्हा 2021 साली उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली होती. फितींना तेवढी वाट पाहण्याइतके आयुष्य नाही.

त्या बारावीतल्या मुलाने आता तेच गाणे पुन्हा म्हटले आहे, शेवटच्या कडव्यासकट. व्हिडिओखाली त्याने मोठ्या अक्षरात लिहिले आहे: गीत, लोककवी वामनदादा कर्डक. कंपनीची सूचना याही वेळी आली. आम्ही त्यावर हरकत नोंदवली आहे आणि त्यात एकच प्रश्न विचारला आहे: तुमच्याकडचा कागद दाखवा.

उत्तराची वाट पाहतो आहोत.

जय भीम.